चौदा वर्षांनी कुमसाराला जायचंय, पण आधी भावाकडे की पाद्रीबाबांकडे?

शिरोड्याचा_म्हापसेकर
मूळचा सिंधुदुर्गातला, १९९८ पासून म्हापशाला. घरी आमची बोली, मुलांची कोंकणी, लिहायला मात्र मराठीच येतं, म्हणून इथे लिहितोय. विषय धार्मिक आहे: कुमसार, म्हणजे पाद्रीपुढे जाऊन आपलं पाप कबूल करणं. ज्यांना नको त्यांनी पुढे जा, राग नाही.

२०११ साली आमची वडिलोपार्जित काजूची बाग विकली. मोठा भाऊ बोटीवर होता, त्याने कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाने करून दिलं. बाग गेली ९ लाखांना. मी त्याला सांगितलं ७. त्याच्या वाटणीचे साडेतीन त्याच्या खात्यात टाकले. म्हणजे त्याचे १ लाख मी खाल्ले. गरज नव्हती हो. बायकोचं आजारपण, मुलाचं शिक्षण असलं काही कारण असतं तर निदान स्वतःला सांगायला काहीतरी राहिलं असतं. त्या पैशांची जुनी गाडी घेतली आणि ती तीन वर्षांत भंगारात गेली.

तेव्हापासून कुमसार नाही, कम्युनियन (चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद) नाही. मीस, म्हणजे रविवारची उपासना, चुकवत नाही. इगर्जीत (चर्चमध्ये) मागून तिसऱ्या बाकावर बसतो, आणि कम्युनियनची रांग लागली की गुडघे एका बाजूला वळवून लोकांना वाट देतो. दर रविवारी. बायको जाते, शेजारी जातात, मी गुडघे वळवतो. चौदा वर्षांत एकाने विचारलं नाही.

आता धाकटा आठ वर्षांचा. त्याच्या पहिल्या कम्युनियनची तयारी चाललीय, त्याआधी पहिलं कुमसार. परवा वही घेऊन आला आणि म्हणाला, "पप्पा, तूं केन्ना वतलो कुमसाराक?" (तू कधी जाणार कुमसाराला?)

प्रश्न एवढाच: देवाला सांगितलं, पाद्रीबाबांना सांगितलं की झालं, की भावालाही सांगायला लागतं? भावाचं माझं बरं चाललंय. नाताळला दोदोल (आमच्याकडची मिठाई) घेऊन येतो तो.

काजूबी
पहिला! काजूच्या बागेचा धागा म्हणून उघडला. जेवून येतो, मग वाचतो.

रेडिओ_दिवाडी
दादा, आधी जाऊन तर या. हिशेब तिथे बसून करता येतो. आपल्याकडे लोकांचा समज असा की पाप धुऊन, इस्त्री करून, घडी घालून कुमसाराला न्यायचं. मळकं घेऊन जायची तर ती जागा आहे.

दुसरं, बाहेर फुटेल ही भीती असेल तर ती सोडा. कुमसारात ऐकलेलं जो पाद्री उघड करतो तो त्याच क्षणी चर्चबाहेर पडतो आणि ती शिक्षा फक्त रोमच उठवू शकतं. वर्षातून निदान एकदा कुमसार करावं हा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेपासूनचा. तुमची चौदा बाकी आहेत म्हणून दंड लागत नाही.

नगरी_वास्को
मी प्रॉटेस्टंट, नगरकडचा, नोकरीने वास्कोला. आमच्याकडे जाळीमागे जाऊन सांगायची पद्धत नाही, थेट देवापुढे. ल्यूथरने १५१७ साली जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच मुद्दा हा की विश्वासणाऱ्याचं सगळं आयुष्यच पश्चात्तापाचं असावं. वर्षातून एकदा उरकायची ती गोष्ट नव्हे.

पण तुमच्या प्रश्नाला उत्तर बायबलात मत्तय ५ मध्ये आहे आणि त्यात कॅथलिक-प्रॉटेस्टंट काही नाही. वेदीपाशी अर्पण घेऊन गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी भावाशी समेट कर. अक्षरशः 'भाऊ' लिहिलंय, दाजी. आणखी काय पाहिजे?

रेडिओ_दिवाडी
@नगरी_वास्को, वचन बरोबर. पण 'भावाच्या मनात काही आहे' असं आहे ते. इथे भावाच्या मनात काहीच नाही, त्याला माहीतच नाही. ज्याला जखम झाल्याचं ठाऊक नाही त्याला उठवून दाखवायची?

नगरी_वास्को
पैसे गेले ते गेलेच ना? माहीत असो वा नसो.

बँकवाला_पर्वरी
मी हिशेब करून टाकतो, सवय.

जक्कय आठवा, लूक १९. यरीहोचा मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट, असं बोलून बसला. त्या हिशेबाने तुमच्याकडे ४ लाख निघतात. चौदा वर्षांचं व्याज त्यात धरलेलं नाही.

पण घाबरू नका. चौपट हा मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर, निर्गम २२. फसवून घेतलेलं स्वतःहून परत करणाऱ्याला लेवीय ६ मध्ये मुद्दल अधिक पाचवा हिस्सा, एवढंच. म्हणजे १,२०,०००. जक्कयने उत्साहाच्या भरात जास्त देऊ केलं.

काजूबी
जेवून आलो. चौपट ऐकून बांगडा घशात अडकला. 😂

शेवंती_डिचोली
मी हिंदू, त्यामुळे चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे प्रायश्चित्त म्हणजे काहीतरी करायचं असतं, उपास, दान, एखादी यात्रा. पश्चात्ताप म्हणजे नुसतं मनाला लागणं. तुमच्या कुमसारात यातलं नेमकं कोणतं?

आणि वाल्या कोळी आठवला. त्याने बायकापोरांना विचारलं, माझ्या पापात वाटेकरी होणार का? सगळे नाही म्हणाले, तिथून तो फिरला. तुमची बायको त्या गाडीत बसली होती ना? तिला माहीत आहे?

(माझी आजी दरवर्षी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीला तेल वाहायला जायची. आमच्या लईराई देवीची बहीण ना ती, म्हणायची, माहेरचीच. त्यामुळे मी अगदीच परकी नाही.)

शिरोड्याचा_म्हापसेकर
@शेवंती_डिचोली, बायकोला माहीत नाही. तुम्ही नेमकं तिथेच बोट ठेवलंत.

रेडिओ_दिवाडी
शेवंतीबाई, दोन्ही. मनापासून वाईट वाटणं, तोंडाने सांगणं, आणि पाद्री सांगतील ती भरपाई करणं. आमच्या लहानपणी ती भरपाई म्हणजे मरियेची प्रार्थना तीनदा, तीन नमो मारिये. त्यामुळे पुष्कळांना वाटतं कशालाही तीनच. चोरीच्या बाबतीत तसं नाही. चोरलेलं परत करायची तयारी नसेल तर पापमुक्ती मिळतच नाही. मात्र परत कसं करायचं याला वाटा आहेत. नाव न सांगता पाद्रींच्या हातून पैसे पोचवलेलीही माणसं आहेत.

शब्दवेडा
थोडं अवांतर. पश्चात्ताप म्हणजे पश्चात् + ताप, नंतरचा ताप. शब्द सुंदर आहे पण मागे तोंड करून उभा आहे. नव्या करारातला ग्रीक शब्द मेटानोइया, त्याचा अर्थ मन पालटणं. आणि जुन्या करारातले संदेष्टे हिब्रूत जे क्रियापद पुन्हा पुन्हा वापरतात ते शूव, म्हणजे सरळ 'परत फिरणं'. रस्ता चुकलेला माणूस फिरतो तसं. त्यात रडणं सक्तीचं नाही, पाय वळले पाहिजेत. योएल संदेष्टा म्हणतो तेही तेच, कपडे नका फाडू, मन फाडा आणि परत या. धागाकर्ते चौदा वर्षं तापात आहेत, वळले मात्र नाहीत. गुडघे वळवले तेवढेच.

काजूबी
गुडघ्यांचं वाक्य जरा लागलं हो शब्दवेडा. पण बरोबर आहे.

कडू_कारलं
गोव्यात बसून पश्चात्तापावर इतकं गोडगोड बोलताय, तर एक आठवण करून देतो. याच जुन्या गोव्यात १५६० ते १८१२ इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधली चार वर्षं सोडली तर. माणसांकडून कबुली कशी काढत आणि भर चौकात प्रायश्चित्ताचे सोहळे कसे करत ते वाचा. घरात तुळस ठेवली म्हणून पश्चात्ताप करायला लावत. तेव्हा चर्चने गोंयकारांचं जे नेलं त्याची चौपट कोण देणार, बँकवाले?

बँकवाला_पर्वरी
एवढं कॅल्क्युलेटरवर बसत नाही.

नगरी_वास्को
विषय काय, तुम्ही बोलताय काय. त्या माणसाचा भावाशी प्रश्न आहे.

रेडिओ_दिवाडी
नाही, राहू दे. कारलं बोलतात ते खरं आहे आणि आमच्यातले बरेच ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. माहितीसाठी, १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेंट पीटर्समध्ये भर मीसमध्ये चर्चच्या लेकरांच्या पापांची क्षमा मागितली. सत्याच्या नावाखाली जी असहिष्णुता झाली ती त्यात होती. पुरेशी होती का, हा वेगळा वाद. माझ्या मते नाही, गोव्यापुरतं तरी नाही. पण बळजबरीने काढलेल्या कबुलीला मी पश्चात्ताप म्हणणार नाही, आणि मला वाटतं तुम्हीही म्हणणार नाही.

कडू_कारलं
नाही म्हणणार. एवढं मान्य केलंत, बास. आता भावाचं बोला.

शब्दवेडा
इथे एक सांगायचा मोह आवरत नाही. त्याच काळात गोव्यातल्या सासष्टीत एक इंग्रज जेजुइट पाद्री बसून मराठीत अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचं ख्रिस्तपुराण लिहीत होता. थॉमस स्टीफन्स. १६१४ ला राशोलला छापलं.

जुनी_वही
१६१६.

शब्दवेडा
१६१६, बरोबर. हात घसरला. कुमसार करतो.

जुनी_वही
आलेच आहे तर मूळ प्रश्नाकडे. सगळे पैसे परत करण्यावर अडलेत. पण मला नेहमी यहूदा इस्कर्योतचं, येशूला पैशांसाठी धरून देणाऱ्या शिष्याचं, कोडं पडतं. त्याला पस्तावा झाला होता. त्याने कबुलीही दिली, निर्दोष माणसाला धरून दिलं म्हणून. तीस रुपये परतही केले, मंदिरात फेकून. म्हणजे वर रेडिओंनी सांगितलेल्या तिन्ही गोष्टी त्याने केल्या! आणि दुसरा शिष्य पेत्र, त्याने काय केलं? येशूला ओळखत नाही म्हणून तीनदा नाकारलं, कोंबडा आरवला, बाहेर जाऊन रडला. परत काही केलं नाही, परत करण्यासारखं काही नव्हतंच. तरी एक झाडाला लटकला आणि दुसऱ्याच्या हाती कळप दिला.

मला फरक इतकाच दिसतो. यहूदा पैसे घेऊन ज्यांच्याकडे गेला ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं. पेत्र जिथे तोंड दाखवायची लाज वाटावी त्याच लोकांत जाऊन बसला. नंतर एकदा नावेतून किनाऱ्यावर येशू दिसला तर पाण्यात उडी टाकून पोहत गेला. लाज दोघांनाही होती.

तेव्हा @रेडिओ, तुमची ती नाव न सांगता पैसे पोचवायची वाट मला या प्रकरणात पटत नाही. अनोळखी माणसाला चालेल. सख्ख्या भावाला निनावी लाख रुपये म्हणजे पैसे फेकून पळणं.

रेडिओ_दिवाडी
हं. विचार करतो.

तरवटी_कोलवा
मी बोटीवर एकवीस वर्षं काढली. धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, लिहू की नको करत होतो.

माझ्या धाकट्या भावाने असंच केलं. बाग नव्हती, घराची खोली होती. आकडे वेगळे, गोष्ट तीच. मला तिसऱ्या वर्षी कळलं. सुट्टीवर आलो होतो, कुठल्याशा कामासाठी खरेदीखताची नक्कल काढली, त्यात रक्कम लिहिलेली. तिथल्या बाकावर अर्धा तास बसून राहिलो. मग घरी गेलो, त्याच्यासाठी आणलेली परफ्युमची बाटली त्याला दिली आणि जेवलो.

बोललो नाही. का, ते मलाही सांगता येणार नाही. आई होती तेव्हा. दरवेळी त्याच्या तोंडाकडे बघायचो, आज सांगेल, उद्या सांगेल. त्यानेही कधी सांगितलं नाही. आई गेली, आता आम्ही सणाला भेटतो, छान बोलतो, एकमेकांना काहीही सांगत नाही.

तुमचा भाऊ बोटीवरचा आहे. आम्हा लोकांना कागद बघायची सवय असते. त्याला माहीत नाही हे इतक्या खात्रीने धरू नका. दोदोल आणतो म्हणजे माहीत नाही असं होत नाही. मीही परफ्युम नेतो अजून.

काजूबी
...

शेवंती_डिचोली
तरवटीदादा, हे वाचून आज दोन भावांना फोन केला. कारण काही नव्हतं.

आजीची_पेटी
मी दुसऱ्या बाजूने लिहिते.

माझ्या मालकांनी अकरा वर्षं दारू प्यायली. फेणी म्हटलं की तुमच्या पर्यटकांना मौज वाटते. आमच्या घरात त्या वासाने पोरं पलंगाखाली शिरायची. माझे दागिने गेले, शिलाई मशीन गेलं, ते परत सोडवून आणलं आणि पुन्हा गेलं. मग एका कोरेज्मात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या काळात) काय झालं देव जाणे, गोंय वेल्हच्या संतांच्या मिरवणुकीला गेले होते, तिथून आले ते सरळ. कुमसार करून आलेले. हातात विणलेला पंखा आणि खाज्याची पुडी. त्या दिवसापासून थेंब नाही.

गाव आनंदाने वेडं व्हायचं बाकी राहिलं. पाद्रीबाबांनी मिठी मारली. सुनांनी, नणंदांनी मला सांगितलं, बघ, उधळ्या पुत्र परत आला. आणि मी? मला इतका राग आला की मी तो पंखा चुलीत घातला. अकरा वर्षं मी घरी होते, मी कुठे गेले नव्हते, माझ्यासाठी कोणी वासरू कापलं नाही.

लूक १५ च्या गोष्टीत उधळून परतलेल्या धाकट्यासाठी बाप वासरू कापतो, पण घरीच राहिलेला थोरला भाऊ सगळे विसरतात. बाप धाकट्याकडे धावत गेला हे सगळ्यांना पाठ. त्या काळचा म्हातारा माणूस, धोतर सावरत रस्त्याने धावला, हे खरंच मोठं आहे. पण तोच बाप थोरल्यासाठीही बाहेर आला होता, अंगणात, समजावायला. आणि थोरला आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. मी कितीदा वाचलं, तिथे गोष्ट थांबते.

मला आत जायला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत मालकांनी एकदा म्हटलं नाही, मी सुधारलो ना, आता तू का फुगतेस. पहाटे उठून पाणी भरायचे, मशीन सोडवून आणलं, त्याला तेल घालायचे. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं असतं तर मी कधीच आत गेले नसते.

तेव्हा बाबा, भावाला सांग. पण सांगितलं म्हणून त्याने लगेच मिठी मारली पाहिजे असं धरून जाऊ नकोस. क्षमा तुला देवाकडून मिळेल, भावाकडची उधारीवर असते.

नगरी_वास्को
काकी, रविवारी उपदेशाला हे सांगू का? नाव न घेता.

आजीची_पेटी
सांग. पण पंखा चुलीत घातला ते सांग, नाहीतर मी फार चांगली वाटेन.

बँकवाला_पर्वरी
अवांतर: गोंय वेल्हच्या त्या फेस्ताला मी गेलोय, कोरेज्मातल्या पाचव्या रविवारनंतरचा सोमवार. पंखे अजून मिळतात. भाव मात्र चौपट झालाय, जक्कयच्या हिशेबाने.

शिरोड्याचा_म्हापसेकर
सगळ्यांचं वाचलं. काकी, तरवटीदादा, तुमचं तीन-चारदा.

आधी बायकोला सांगितलं. ती भांडी घासत होती. नळ बंद केला आणि म्हणाली, "तरीच." एवढंच. मग पुन्हा नळ सोडला. तरीच म्हणजे काय ते विचारायचं धैर्य झालं नाही.

भावाला फोनवर जमेना. शेवटी रात्री लिहून पाठवलं. ९ लाख, ७ लाख, तुझे १ लाख, गरज नव्हती, चूक माझी. कारणं लिहिली होती ती सगळी खोडली. निळ्या खुणा दोन मिनिटांत आल्या. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडून एकच मेसेज आला: खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड. बाकी एक अक्षर नाही.

१,२०,००० पाठवायला बसलो तर माझी बँक नवीन खात्यावर पहिल्या दिवशी पूर्ण रक्कम सोडत नाही. अर्धे गेले, अर्धे दुसऱ्या दिवशी. चौदा वर्षं थांबलो आणि त्या चोवीस तासांत जीव वर-खाली झाला. त्याचं उत्तर अजून नाही. नाताळला येईल की नाही माहीत नाही.

तरवटी_कोलवा
खातं दिलं ना. मला विचाराल तर ते दार आहे. किलकिलं, पण आहे.

कडू_कारलं
गोव्यात कोणी स्वतःहून पैसे परत केलेले बघायला मिळाले. इतिहासात नोंद व्हावी.

शिरोड्याचा_म्हापसेकर
शनिवारी जातोय, साडेपाचला कुमसार असतात. एक अडचण आहे, हसू नका. सुरुवात काय म्हणून करायची तेच विसरलोय. मुलाच्या वहीत आहे, पण त्याला कसं विचारू?

रेडिओ_दिवाडी
त्यालाच विचारा.

जुनी_वही
+१

काजूबी
आणि लवकर जा. शनिवारी पुढे आठ-दहा म्हाताऱ्या असतात आणि एकेकीला पंधरा मिनिटं लागतात. काय इतकं असतं त्यांच्याकडे देव जाणे.

आजीची_पेटी
पंखे.